प्रीमियरच्या वारशाला घर शोधताना गाडीपासून सुरुवात करू नका

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वडील १९६९ ते १९९६ कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये होते, शेवटची बरीच वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या खात्यात. घरात दोन लोखंडी कपाटं भरून ड्रॉइंग, प्रोसेस शीट (भाग कसा बनवायचा ते टप्प्याटप्प्याने सांगणारे कागद), पार्ट्स कॅटलॉग, खात्याखात्यांचे ग्रुप फोटो, निगेटिव्हचे डबे आणि युनियनची पत्रकं आहेत. खाली पार्किंगमध्ये १९८२ ची पद्मिनी उभी आहे. डोंबिवलीतली तुमची इमारत पुनर्विकासाला जातेय आणि सहा महिन्यांत घर रिकामं करायचं आहे. दोन ठिकाणी पत्रं पाठवलीत. एकाचं उत्तर आलं नाही, दुसऱ्यांनी फक्त गाडीचे फोटो मागितले. म्हणून विचारताय, की हे सगळं एकत्र सांभाळेल असं संग्रहालय भारतात आहे का.

तांत्रिक वस्तूंच्या संग्रहांची नोंदणी आणि जतन हे माझं काम, सत्तावीस वर्षं करतेय. बंद पडलेल्या कारखान्यांच्या वस्तू मी आत घेतल्या आहेत आणि परतही पाठवल्या आहेत, त्या अनुभवावरून सांगते. सगळं एकाच छपराखाली घेणारी तयार जागा बहुधा मिळणार नाही. पण तुमच्याकडचं एकही महत्त्वाचं कागदपत्र रद्दीत न जाता सहा महिन्यांत मार्गी लागू शकतं. त्यासाठी कोणतं संग्रहालय घेईल हा प्रश्न थोडा मागे ठेवू या. आधी पाहायचं की तुमच्या घरात नेमकं काय आहे, ते कोणाच्या मालकीचं आहे आणि त्यातलं जगात दुसरीकडे कुठेच नाही असं काय आहे. ही तीन उत्तरं हातात असली की संग्रहालयाशी बोलणं सोपं होतं. ती नसतील तर तुमचं पत्र "आमच्याकडे जुन्या वस्तू आहेत" सांगणाऱ्या इतर पत्रांच्या ढिगात जातं.

दुसरीकडे कुठेच नाही, यावर जरा थांबते, कारण घोळ इथेच होतो. प्रीमियर म्हटलं की डोळ्यांसमोर पद्मिनी येते. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये कंपनी काढली, क्रायस्लरशी करार करून डॉज, प्लिमथ जोडायला सुरुवात केली, मग फियाट आली. १९५४ पासून फियाट ११००, १९६४ पासून डिलाइट, आणि इटलीच्या फियाटशी असलेला करार संपल्यावर तीच गाडी पद्मिनी झाली. नाव बदललं तरी लोक तिला फियाटच म्हणत राहिले. काळी-पिवळी म्हणून ती मुंबईची ओळख बनली. अशी शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी बातम्या दिल्या, निदान एक तरी जपून ठेवा अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेनेही केली. ती मागणी योग्यच होती. पण पद्मिनी ही वस्तू म्हणून दुर्मीळ नाही. हौशी लोकांनी जीव लावून सांभाळलेल्या कितीतरी पद्मिनी आजही रविवारी सकाळी रस्त्यावर येतात. गाडीची काळजी घेणारी माणसं आहेत.

ती गाडी बनवली कशी, हे सांगणाऱ्या कागदांना मात्र असा कोणी वाली नाही. दरवाजाचा पत्रा प्रेसमधून किती ठोक्यांत निघायचा, कोणत्या जिगवर (भाग जागेवर धरून ठेवणाऱ्या साधनावर) बसायचा, कोणत्या वर्षी कोणता आयात भाग इथे बनायला लागला आणि तो बनवताना कितीदा फसला, हे प्रोसेस शीटमध्ये आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या दुरुस्तीच्या नोंदींत असतं. ड्रॉइंगच्या उजव्या बाजूला 'बदल' म्हणून तारीख आणि सही असलेला छोटा तक्ता असतो ना, तो माझ्या दृष्टीने संपूर्ण गाडीपेक्षा मोलाचा. इटालियन ड्रॉइंग कुर्ल्यात आल्यावर आपल्या माणसांनी त्यात काय बदललं, याचा तो लेखी पुरावा आहे. शंभर वर्षांनी पद्मिनीची प्रतिकृती कोणीही करेल. कुर्ल्याच्या टूलरूमने १९७५ साली अडचण कशी सोडवली, हे कागद गेल्यावर कोणालाही सांगता येणार नाही.

हे मी नुसतं तत्त्व म्हणून सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका बंद पडलेल्या पंप कारखान्यातून वस्तू आणायला गेले होते. आम्ही मोठ्या कौतुकाने एक कापून उघडलेला पंप आणि एक जुनं लेथ उचललं. ड्रॉइंग ऑफिसमधल्या ट्रेसिंगच्या (पारदर्शक कागदावरच्या ड्रॉइंगच्या) गुंडाळ्या पुढच्या फेरीत नेऊ म्हणून ठेवल्या. पुढची फेरी पावसाळ्यानंतर झाली. छप्पर गळलं होतं आणि त्या गुंडाळ्यांचा लगदा झाला होता. तो पंप आजही प्रदर्शनात आहे, खाली लावलेल्या फलकावर चार ओळी आहेत, आणि पाचवी ओळ लिहायला माहितीच नाही. तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी कागद आधी उचलते.

परदेशात हे कसं झालं याबद्दल तुम्ही विचारलंय, तर तीन उदाहरणं सांगते. स्वीडनची मोटारी बनवणारी साब कंपनी २०११ च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली. ट्रॉलहेटानमधलं तिचं संग्रहालय कंपनीच्याच मालकीचं होतं, म्हणून शंभराहून अधिक गाड्या, अगदी पहिल्या नमुना गाडीसकट, देणी फेडण्यासाठी विकायला निघाल्या. २०१२ च्या सुरुवातीला ट्रॉलहेटान नगरपालिका, विमानं बनवणारी साब आणि वॉलेनबर्ग घराण्याचा एक न्यास असे तिघे एकत्र आले आणि सुमारे २ कोटी ८० लाख क्रोनरला सगळा संग्रह एकगठ्ठा घेतला. म्हणून तो आजही त्याच गावात आहे. अमेरिकेत स्टुडबेकरने १९६६ मध्ये मोटारनिर्मिती थांबवताना आपला ऐतिहासिक संग्रह साउथ बेंड शहराला देऊन टाकला. त्यात अब्राहम लिंकन ज्या बग्गीतून त्या शेवटच्या रात्री नाटकाला गेले तीसुद्धा होती. ब्रिटनमध्ये गेडनच्या संग्रहालयामागे स्वतंत्र धर्मादाय न्यास आहे. २००५ मध्ये एमजी रोव्हर बुडाली तरी तो टिकला. जुन्या ऑस्टिन, मॉरिस, एमजी गाड्यांच्या मालकांना तिथे कारखान्याच्या मूळ नोंदवह्यांवरून आपली गाडी कधी, कोणत्या रंगात बाहेर पडली याचा दाखला मिळतो. या दाखल्यांमुळे वह्यांना रोजचा उपयोग राहिला आणि त्या सांभाळण्यामागे कारण राहिलं.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट होती: संग्रह ओळखता येईल असा एक गठ्ठा होता आणि त्याची यादी होती, म्हणून कोणालातरी तो घेता आला. आपल्याकडे तसं झालं नाही. प्रीमियरची निर्मिती कुर्ला, कल्याण-डोंबिवली, चिंचवड अशी फिरत आणि आक्रसत गेली, कंपनी पुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि जे वाचलं ते तुमच्या वडिलांसारख्या माणसांच्या कपाटांत वाचलं. त्यामुळे गठ्ठा बांधण्याचं काम तुमच्यावर आलंय.

आता मालकी. हा भाग नाजूक आहे, पण टाळू नका. कारखान्यातून घरी आलेला प्रत्येक कागद वडिलांचा होत नाही. नोकरीत असताना केलेल्या ड्रॉइंगचा कॉपीराइट सर्वसाधारणपणे मालक कंपनीचा असतो. कंपनी दिवाळखोरीत असेल तर तिच्या मालमत्तेचा ताबा त्या प्रक्रियेसाठी नेमलेल्या व्यावसायिकाकडे किंवा लिक्विडेटरकडे (कंपनी गुंडाळण्यासाठी नेमलेल्या माणसाकडे) असतो. घाबरायचं कारण नाही. माझ्या अनुभवात कारखाना बंद होताना फेकायला काढलेले कागद कोणी वाचवले म्हणून कोणी दारात आलेलं नाही. पण संग्रहालय हा प्रश्न विचारणारच, आणि विचारायलाच हवा. म्हणून वडिलांकडून एक साधं निवेदन लिहून घ्या: कोणती वस्तू त्यांच्याकडे कधी आणि कशी आली, कोणी दिली, कोणती त्यांनी स्वतः विकत घेतली, कोणती भंगारातून उचलली. आठवत नसेल तिथे आठवत नाही असंच लिहा. प्रत्यक्ष कागदाचा ताबा आणि छापण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दानपत्रात पहिली देता येते, आणि दुसरीबद्दल "देणाऱ्याकडे जेवढे हक्क असतील तेवढे" असं लिहिलं की दोन्ही बाजू सुरक्षित राहतात. अब्रूचे दावे किंवा कामगारांचे वैयक्तिक तपशील असलेली पत्रं निघाली तर ती वेगळी ठेवा आणि वकिलाला दाखवा. इथे परिस्थितीनुसार उत्तर बदलतं.

कायदा आपणहून तुमच्या मदतीला येईल ही आशा ठेवू नका. पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा साधारणपणे शंभर वर्षांच्या वस्तूंना लागू होतो, हस्तलिखितांसाठी पंचाहत्तर. तुमच्याकडचं बहुतेक काही त्यात बसत नाही. गाडीसाठी व्हिंटेज नोंदणीची सोय २०२१ पासून आहे, तिला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, पण पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं व्हायला हवीत. तुमच्या १९८२ च्या गाडीला २०३२ पर्यंत थांबावं लागेल.

थोडक्यात इथवरचं: गाडी थांबू शकते, कागद थांबू शकत नाहीत, आणि सगळ्यांना एकच घर मिळायची वाट पाहिली तर सहा महिने संपतील. म्हणून मी सुचवते की घरं अनेक असू द्या, यादी मात्र एकच ठेवा.

ठिकाणांबद्दल मला जे वाटतं ते सांगते. हरियाणात तावडूला हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे, कोइमतूरला जीडी कार म्युझियम आहे. दोन्ही ठिकाणी वाहन हा विषय गांभीर्याने घेतला जातो. पण तुमच्या पद्मिनीला तिथे जाण्याचं कारण तिच्या गोष्टीत शोधावं लागेल. 'चालू स्थितीतली १९८२ ची पद्मिनी' याला वजन नाही. 'ज्या टूलरूममध्ये हिचे साचे दुरुस्त झाले तिथल्याच माणसाने घेतलेली गाडी, सोबत त्याच्या हातची ड्रॉइंग' हे वेगळं प्रकरण झालं. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात वाफेचं इंजिन, ट्राम अशा वस्तू आहेत, म्हणजे मोठी यंत्रं कशी सांभाळायची हे त्यांना माहीत आहे. तुमच्याकडे दोन-तीन जिग, एखादा साचा निघाला तर ते आणि ते कसे वापरायचे याची चित्रफीत त्यांना उपयोगी पडू शकते. शहराचा इतिहास मांडणारं भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय फोटोंसाठी विचारायला हरकत नाही. अणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय बस-ट्रामचं आहे, तुमचा विषय तिथे पूर्ण बसत नाही, पण जुना टॅक्सीमीटर असेल तर विचारा.

कागदांसाठी मी दप्तरखान्यांकडेच जाईन. वालचंद हिराचंदांची कागदपत्रं दिल्लीत तीन मूर्ती भवनाच्या ग्रंथालयात आहेत, पूर्वीचं नेहरू स्मारक, आता पंतप्रधान संग्रहालय आणि ग्रंथालय. म्हणजे कंपनी काढणाऱ्या माणसाची बाजू सुरक्षित आहे. यंत्रावर काम करणाऱ्यांची बाजू तुमच्या कपाटात आहे. ही जोडी मांडून दाखवली तर कोणत्याही अभिलेखपालाचे कान टवकारतील. पुण्याचं टाटा सेंट्रल आर्काइव्ह्ज आणि विक्रोळीचं गोदरेज आर्काइव्ह्ज ही आपापल्या उद्योगसमूहांची दप्तरं आहेत. ती तुमचे कागद घेणार नाहीत, पण उद्योगाचं दप्तर कसं लावायचं हे शिकण्यासाठी तिथल्या लोकांना भेटा. अशी माणसं मदत करायला उत्सुक असतात, असाच माझा अनुभव आहे.

युनियनची पत्रकं कचरा समजू नका. कामगार कायदा शिकणारा प्रत्येक विद्यार्थी 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध कमलाकर शांताराम वाडके' हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७५ चा निकाल वाचतो. औद्योगिक वाद दिवाणी न्यायालयात कुठवर नेता येतो, हे त्यात ठरलं. तो वाद याच कारखान्यातल्या इन्सेंटिव्हच्या योजनेवरून उठला होता. त्या काळातली तुमच्याकडची सायक्लोस्टाइल पत्रकं एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला किंवा कामगार चळवळीच्या दप्तराला मोटारींच्या संग्रहालयापेक्षा जास्त हवीशी वाटतील.

पत्र कसं लिहायचं? एक पान, त्यापेक्षा जास्त नको. पहिल्या परिच्छेदात वडील कोण, कोणत्या खात्यात, कोणती वर्षं. दुसऱ्यात किती काय आहे ते आकड्यात: ड्रॉइंग सुमारे इतकी, निगेटिव्ह इतकी, एकूण किती खोकी, किती फूट फळी लागेल. तिसऱ्यात यातलं दुसरीकडे नसेल असं काय. चौथ्यात तुमची तारीख. सोबत दहा चांगले फोटो आणि यादी. "सगळं घ्या" असं म्हणू नका, निवडीचा हक्क त्यांना द्या. कायमचं प्रदर्शन, नावाचं दालन अशा अटी घालू नका, अटी आल्या की फाइल मिटते. तुम्ही मात्र एक अट घाला: वस्तू त्यांच्या अ‍ॅक्सेशन रजिस्टरला (संग्रहात आलेल्या वस्तूंच्या अधिकृत नोंदवहीत) चढली पाहिजे आणि नोंदक्रमांक तुम्हाला लेखी मिळाला पाहिजे. नंतर ती वस्तू नको झाली तर दुसऱ्या संस्थेला देण्याआधी कळवतील, एवढं वाक्य दानपत्रात घालून घ्या. 'सध्या ठेवून घेतो, कागद नंतर करू' याला हो म्हणू नका. एका कुटुंबाने वडिलांची मोजमापाची उपकरणं अशी तोंडी बोलण्यावर दिली होती. अकरा वर्षांनी ते पाहायला आले तेव्हा वस्तू नोंदीत नव्हती आणि घेणारे अधिकारी निवृत्त झाले होते. मी त्यांच्याबरोबर दोन दिवस गोदामात शोधलं. उपकरणांची रिकामी पेटी सापडली.

आता सहा महिन्यांचं. पावसाळा मध्ये येतोय का ते बघा, कारण डोंबिवलीची हवा हा तुमचा खरा शत्रू आहे. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आमंत्रण. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, खालचा कप्पा रिकामा करा. पहिल्याच आठवड्यात निगेटिव्हचे डबे उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म कुजायला लागली आहे. ते डबे लगेच वेगळे करा आणि त्यांचं स्कॅनिंग सर्वांत आधी करून घ्या, ते थांबणार नाहीत. ड्रॉइंगच्या प्रतींचे दोन प्रकार, निळी ब्लू प्रिंट आणि अमोनिया प्रिंट, एकमेकांना चिकटून ठेवू नका, फोटोंजवळ तर मुळीच नको. दोन्ही उजेडात उडतात, त्यामुळे मोबाइलने फोटो काढताना उन्हात पसरू नका. घडी घातलेली ड्रॉइंग जबरदस्तीने सपाट करू नका, घडीवर फाटतात. सेलोटेप, स्टेपल, लॅमिनेशन यातलं काहीही करू नका. लॅमिनेट केलेलं ड्रॉइंग मला परत पाठवावं लागलं आहे, आणि ते करणाऱ्या मुलाचा चेहरा मी विसरलेले नाही. त्याने प्रेमानेच केलं होतं.

यादी वहीत करा किंवा संगणकावर, पण प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या आणि तो मऊ पेन्सिलीने पाकिटावर लिहा. वडिलांनी जसं लावलंय तो क्रम मोडू नका. त्यांनी एकाच फाइलमध्ये ड्रॉइंग, एक चिठ्ठी आणि एक फोटो ठेवला असेल तर त्यांचा एकमेकांशी संबंध आहे, तो त्यांना विचारल्याशिवाय तोडू नका. सगळं स्कॅन करायला वेळ नाही मिळणार. बदलाच्या नोंदी असलेली ड्रॉइंग, प्रोसेस शीट आणि फोटो एवढं आधी करा. छापील पार्ट्स कॅटलॉग सगळ्यात शेवटी, त्याच्या प्रती इतरांकडेही आहेत.

गाडीला रंग लावू नका. मूळ रंग गंजलेला असला तरी तोच पुरावा आहे. पेट्रोल काढून टाका, बॅटरी काढा, चाकं जमिनीपासून थोडी वर राहतील अशी स्टँडवर ठेवा, आरसी बुक आणि इन्शुरन्सच्या जुन्या पावत्या एका पाकिटात घाला. चार मीटर लांबीची गाडी ठेवायला जागा शोधणं सोपं नाही हे मला कळतं. गावाकडे कोणाची पडवी असेल तर दोन वर्षांसाठी तिथे हलवा.

आणि यादीच्याही आधी एक काम. वडिलांचं वय तुम्ही ७९ सांगितलंत. या रविवारी तो खात्याचा ग्रुप फोटो त्यांच्यासमोर ठेवा, मोबाइल रेकॉर्डिंगला लावा आणि डावीकडून पहिल्या माणसापासून विचारायला सुरुवात करा: हा कोण, कोणत्या मशीनवर होता, राहायचा कुठे, त्याला काय जमायचं जे दुसऱ्याला जमायचं नाही. फोटोच्या मागे लिहू नका. नावं वेगळ्या कागदावर उतरवा, आणि ज्यांची आठवत नाहीत त्यांच्यापुढे जागा मोकळी सोडा. त्या फोटोतले दुसरे कोणी अजून असतील, कुर्ल्यात, कल्याणात, कोकणात. तो कागद घेऊन त्यांच्याकडे जा.